भुताच्या पिक्चरमधला फोटो

माझी बायको एका भुताच्या पिक्चरमध्ये आहे. तिचं नाव कुठे येत नाही, आणि पिक्चर सुरू व्हायच्या आधीच ती वारली होती. तरी आहे. मध्यंतराच्या थोडं आधी ती भिंतीवर दिसते, थेटरातली माणसं किंचाळतात आणि मी खुर्चीतून पुढे वाकून बघतो.

हे कसं झालं ते सांगतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा सरळच सांगतो. वळणं घ्यायला येत नाहीत.

ती गेली तेव्हा चाळीतल्या बायका तिच्या पाया पडल्या. अहेव गेली, भाग्याची, म्हणाल्या. भाग्य तिला आणि गॅसचा सिलिंडर लावायचा मला. दहिसरला नदीच्या अंगाला आमची चाळ. बिल्डर येणार, बिल्डर येणार म्हणून अर्धी माणसं खोल्या सोडून गेली. बिल्डर आलाच नाही. उरलो आम्ही थोडी बिऱ्हाडं आणि कबुतरं. माझ्या शेजारच्या खोलीत एक कोळीण राहते, बाजारात मासे विकते. माझ्या बायकोची जिवाची मैत्रीण. मला भावजी म्हणते, आणि भावजीला म्हणू नये ते सगळं म्हणते.

भिंतीवर लावायच्या फोटोचं काम मुलीनं केलं. एकच मुलगी आम्हाला, मुलुंडला दिलेली. आईचा एकटीचा फोटोच नव्हता, कारण ती फोटोला उभी राहायची नाही. म्हणायची, माझ्या थोबाडाला काय बघायचं. शेवटी पेटीतून गावच्या एका लग्नातला घोळक्याचा फोटो निघाला. मुलगी तो घेऊन स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेली.

स्टुडिओवाला कलाकार माणूस. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मेलेल्या माणसांसाठी अंगं तयार असतात. पुरुष गेला की त्याला निळा कोट मिळतो, बाई गेली की हिरवी पैठणी. जन्मभर लुंगीवर फिरलेली माणसं त्याच्या दुकानात कोट घालून लटकलेली आहेत. माझ्या बायकोला पैठणी आली. गळ्यात मोत्यांचा सर आला. मग त्यानं चेहऱ्याला हात घातला. काळा रंग गेला, कपाळाची आठी गेली, नाकावरची चष्म्याची खूण गेली, ओठ दोन्ही बाजूंनी वर उचलले गेले. तिचं म्हणावं असं उरलं फक्त कुंकू.

मुलगी फोटो बघून रडली. किती छान दिसतेय आई, म्हणाली. मी काय बोलणार? छान दिसतच होती. उदबत्तीच्या पुड्यावर जी बाई असते ना, तशी दिसत होती.

फोटो लावला, हार घातला. रोज सकाळी त्या उदबत्तीवालीला उदबत्ती लावायची. मग काही महिन्यांत वेगळंच सुरू झालं. डोळे मिटून बायको आठवायला गेलो की तीच दिसायची. आवाज बायकोचा, तोंड पुड्यावरच्या बाईचं. बायको ओरडतेय, भांडी आपटतेय, आणि वर गोरा हसरा चेहरा. मी पंख्याकडे बघत पडायचो आणि चेहरा जोडून बघायचो. नाक आठवलं तर डोळे जायचे, डोळे आले तर कपाळ जायचं. माणूस गेलं ते गेलं, त्याला इलाज नाही. पण चेहरा घरातल्या घरात हरवायचा म्हणजे काय? हे कुणाला सांगणार? मुलीनं हौसेनं केलेला फोटो. तिला कसं सांगू, की ह्या फोटोमुळे तुझी आई मला दिसेनाशी झाली?

त्यातच पिक्चरवाले आले.

त्यांना भुतासाठी जुनी, रिकामी, ओल आलेली चाळ पाहिजे होती. आमची बघून त्यांना भरूनच आलं. डायरेक्टर भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, एकदम रिअल आहे. त्या रिअलमध्ये मी जन्म काढला, मला कुणी असं म्हटलं नव्हतं. वरच्या मजल्यावरची रिकामी खोली त्यांनी घेतली, आणि पाहिजे तशी ओल तिथं नाही म्हणून माझी पण घेतली. दिवसा काम करायचे. खिडक्यांना काळं कापड लावून भर दुपारी रात्र करायचे आणि त्या रात्रीत पंखे लावून बसायचे.

पिक्चरची कहाणी थोडक्यात अशी. एका माणसाची बायको मरते. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो असतो. तो फोटो आपोआप भिंतीकडे तोंड फिरवतो. मग बायको भूत होऊन बाहेर येते आणि चाळीतल्या माणसांना एकेक करून मारते. का मारते ते मी विचारलं. आर्टवाली मुलगी, म्हणजे घरातलं सामान लावणारी, म्हणाली, ते दुसऱ्या भागात कळेल.

आता अडचण आली ती हाराची. भुताचं काम करणारी बाई मोठी नटी होती. ती रक्त लावून घ्यायला तयार, केस मोकळे सोडून जिन्यावरून उलटं उतरायला तयार. पण फोटोला हार? ती म्हणाली, मी घालू देणार नाही. माझ्या आईनं बघितलं तर आई जेवायची थांबेल. मला ती बाई आवडली. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये हे तिला कळत होतं. डायरेक्टरनं समजावलं, हार घालून शॉट झाला की लगेच नारळ फोडू, हसरा फोटो काढू. ती ऐकेना. मग सगळे माझ्या भिंतीकडे बघायला लागले. तिथं तयार बाई, तयार हार. पिक्चरभर भुताचं तोंड केसांखालीच असणार होतं, तेव्हा फोटो कुणाचाही चालला असता.

आर्टवाली मुलगी मला अदबीनं म्हणाली, “काका, राग मानू नका, पण काकूंचा फोटो वापरला तर चालेल का?”

मी म्हटलं, वापरा. खरं सांगायचं तर ती उदबत्तीवाली भूत झाली तर मला काय दुःख होणार? माझी बायको नव्हतीच ती.

शेजारणीला हे कळलं तशी ती हातातली माशांची पाटी तिथंच ठेवून आली. “भावजी, मेलेल्या बाईला भूत करताय? ती खरोखर आली ना, तर माझ्या दारात पाठवायची नाही.”

“येऊ दे की. आली तर सिलिंडर लावेल.”

तिनं कपाळावर हात मारला. मग पाटी उचलून गेली. जाताना म्हणाली, मुलीला तरी सांगा. मी सांगितलं नाही.

शॉटच्या दिवशी मला गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ. स्वच्छ सदरा, खांद्याला शबनम पिशवी. पार्ल्याहून आले होते, गाडी पाठवून आणलेले. निवृत्त मास्तर. ही कहाणी मुळात त्यांची, कुठल्याशा दिवाळी अंकात छापून आलेली. मी म्हटलं, बरीच माणसं मारलीत तुम्ही.

मास्तर कळवळले. म्हणाले, “अहो, माझ्या गोष्टीत कुणी मरत नाही. भूतसुद्धा नाही. चार पानांची गोष्ट आहे.”

मग त्यांनी ती सांगितली. एक म्हातारा असतो. बायको गेलेली. तिचा फोटो रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून सापडतो. शेजारी घाबरतात, पूजा घालतात. शेवटच्या ओळीत कळतं की फोटो तोच फिरवतो. डॉक्टरनं त्याला बंद केलेलं असतं ते त्याला खायचं असतं, आणि तिच्यासमोर खायची छाती नसते. झालं, संपली गोष्ट.

मला ती पटली. मी विचारलं, “तुमची मंडळी कधी गेली?”

“गेली? नाही हो. ती घरी आहे. मघाशीच फोन होता, येताना कोथिंबीर आणा म्हणून.”

मी हसलो. मग तेही हसले. म्हणाले, पिक्चर बघायला तिलाच आधी नेतो की नाही बघा. गोष्टीचं काय केलं त्याचं त्यांना वाईट वाटत होतंच. चार पानांचा दोन तासांचा पिक्चर करायचा तर मधली जागा कशानं तरी भरणार, आणि रक्त स्वस्त पडतं, असं तेच म्हणाले. पण आपलं नाव पडद्यावर किती मोठं येणार हे त्यांनी दोनदा जाऊन विचारलं.

आत खोलीत काम अडलं होतं. नवऱ्याचं काम करणाऱ्या नटानं फोटोकडे बघून थरथरायचं होतं. तो थरथरायचा, पण समोर ती हसरी पैठणी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डायरेक्टर म्हणाला, हा काय नवस फेडायला आलाय का? त्यात फोटोच्या काचेवर दिवे चमकत होते. म्हणून आर्टवालीनं फ्रेम उतरवली, काच काढायला मागचा पुठ्ठा उघडला, आणि आतून काहीतरी खाली पडलं.

ती बाहेर आली. हातात तो लग्नातला घोळक्याचा फोटो. स्टुडिओवाल्यानं काम झाल्यावर तो पुठ्ठ्यामागे घालून दिला होता आणि आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

“काका, ह्यात काकू कुठल्या?”

मी चष्मा पुसला. मांडवात दहा-बारा बायका, सगळ्या कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवतायत. एकटी काळी, किडकिडीत बाई कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी बघतेय. कपाळाला आठी. ओठ आवळलेले. डोळे असे, की समोरच्यानं हातातलं खाली ठेवावं.

मला त्या फोटोतलं सगळं आठवलं. त्या लग्नात जिलबी होती. मला साखरेचा आजार नुकताच निघाला होता, आणि मी दुसऱ्यांदा जिलबी घेऊन फोटोवाल्याच्या मागे लपून खात उभा होतो. बायका फोटोला उभ्या राहिल्या तशी मी तिला दिसलो. फोटो निघाल्यावर ती सरळ माझ्याकडे आली होती. “तुमका साखर आसा, याद आसा मां?” म्हणाली आणि माझी बशी घेऊन गेली.

“ह्याच,” मी म्हटलं.

आर्टवालीनं बोट ठेवून एकदा ह्या फोटोकडे बघितलं, एकदा त्या फोटोकडे. मग ती दोन्ही घेऊन आत गेली. मास्तर वाकून बघत होते, ते म्हणाले, हा चेहरा मला गोष्टीत लिहिता आला नव्हता. मी म्हटलं, तुमची कोथिंबीर राहील.

दुसऱ्या दिवशी पिक्चरवाल्यांनी तो चेहरा मोठा करून आणला. गोरा केला नाही, आठी पुसली नाही. भूत म्हणूनच वापरायचा होता, मग पुसायचं कशाला? फ्रेममध्ये घातला, हार घातला, माझ्याच भिंतीवर माझ्याच खिळ्याला लावला. काळ्या कापडाच्या अंधारात तेवढ्यावर दिवा सोडला.

खोलीत बडबड चालली होती ती बंद पडली. दिवेवाला पान चघळत होता, त्याचं तोंड हलायचं थांबलं. डायरेक्टर पाय पसरून बसला होता, तो नीट बसला. नटानं वर बघितलं आणि पहिल्याच वेळेला जे पाहिजे ते करून दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दारात चहाची बशी घेऊन उभा होतो. चहात बुडवायला हातात गोड बिस्कीट होतं. ते मी कधी खिशात टाकलं मला कळलं नाही.

तिकडे टाळ्या चालल्या होत्या आणि मला इतक्या महिन्यांनी माझी बायको दिसत होती. सगळं जिथल्या तिथं. नाक, डोळे, कपाळ. आणि रागावलेली माझ्यावरच. भुताच्या पिक्चरवाल्यांनी तिला होती तशी ठेवलं, आणि आम्ही घरच्या माणसांनी तिची पैठणी करून ठेवली होती.

मी आर्टवालीला म्हटलं, काम झालं की मला हाच द्या. ती म्हणाली, देणारच काका, पण अजून दुसरीकडे काही शॉट आहेत, तेवढे होऊ देत. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. पण महिन्याभरात ती दुसऱ्या कामाला लागली, तिचा फोन लागेना. मी अंधेरीला त्यांच्या ऑफिसात गेलो. गुबगुबीत सोफा, काचेच्या बाटलीत पाणी. सामान गोडाऊनला गेलंय, शोधून कळवतो, असं तिथला माणूस हसून म्हणाला. पुन्हा गेलो, पुन्हा पाणी दिलं. मोठा फोटो नाही, लग्नातला छोटाही नाही. परत आली ती उदबत्तीवाली, नव्या काचेसकट.

वर्षश्राद्ध तिच्यासमोरच झालं. मुलीनं खीर केली, पाटावर फोटो मांडला, भटजींनी सांगितलं तिथं मी हात जोडले. कोणाला जोडतोय ते मलाच कळत नव्हतं.

मग पिक्चर लागला. बोरिवलीच्या मॉलमध्ये दुपारचा खेळ. मी एकटा गेलो. मूळ कथा म्हणून मास्तरांचं नाव आलं, वाचेपर्यंत गेलं. पुढे नुसती धावाधाव, रक्त, दारं आपटणं. आणि मध्यंतराच्या आधी ती आली. पडदाभर. माझ्या आजूबाजूची पोरंपोरी किंचाळली. एक आडदांड माणूस बायकोच्या मागे दडला. मला हसू आलं. तुम्ही दोन क्षणांत गार झालात, मी सगळा संसार काढला ह्या नजरेखाली.

दोन क्षण म्हणजे दोनच क्षण. बघून होईस्तोवर गेली. म्हणून परत गेलो. मग परत. मध्यंतरात उठून घरी यायचो, पुढच्या रक्ताशी मला काय करायचंय? दारावरचा तिकीट फाडणारा ओळखायला लागला. काका, तुम्हाला भीती नाही वाटत? मी म्हटलं, वाटते ना. म्हणून तर येतो.

एक दिवस मुलगी न कळवता दहिसरला आली. दाराला कुलूप. शेजारीण बोंबील साफ करत बसली होती, तिला विचारलं, बाबा कुठे गेले? ती सरळ म्हणाली, “बायकोला बघायला गेलेत. बोरिवलीला. हल्ली वरचेवर जातात.”

मुलीनं त्याचा भलताच अर्थ घेतला. मी घरी आलो तर ती उंबऱ्यात बसलेली, डोळे लाल. कोण बाई आहे, म्हणाली. तुझी आई आहे, म्हटलं. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मग सगळं सांगितलं, आणि रडणं थांबून राग आला. आईचा फोटो भुताच्या पिक्चरला दिला? तिला न विचारता? लोक तिच्या आईला बघून किंचाळतात आणि मी तिकीट काढून ते बघतो? बरंच बोलली. खोटं काहीच नव्हतं.

मी म्हटलं, एकदा चल. मग पुढचं बोल.

आली, पण रुसूनच. पुढची रांग रिकामी होती, तिनं पुढच्या खुर्चीवर पाय टाकले आणि हाताची घडी घातली. आईला हे अजिबात चालायचं नाही, लहानपणी ह्यावरून चापट्या खाल्ल्यात तिनं. मी मक्याच्या गोड लाह्यांचा पुडा घेतला होता, खूप मोठा असतो, संपत नाही.

ती आली. पडदाभर. थेटर किंचाळलं. माझी मुलगी किंचाळली नाही. तिनं हळूच पुढच्या खुर्चीवरचे पाय खाली घेतले, ओढणी सारखी केली आणि ताठ बसली. मी तोंडातला गोड मका चावायचा थांबलो.

मध्यंतराला आम्ही दोघं बाहेर आलो. रिक्षात ती ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “बाबा, ती माझ्याकडेच बघत होती.”

“तुझ्याकडे नाही. जिलबीकडे.”

मग तिला जिलबीची गोष्ट सांगितली. दहिसर चेकनाक्याच्या आधीच्या सिग्नलला ती हसत होती आणि डोळे पुसत होती. तिनं करून आणलेला फोटो मला कसा वाटला होता ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. घरी आल्यावर तिनं भिंतीवरची पैठणी स्वतःच उतरवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवली.

खिळा तसाच रिकामा राहिला. काही दिवसांनी पिक्चर मोबाईलवर आला. मुलीनं तो बरोबर त्या जागी थांबवला आणि चेहरा पकडला. एका कोपऱ्यात त्या नटाचा थरथरणारा अंगठा आला, त्याला इलाज नव्हता. ते घेऊन आम्ही त्याच स्टुडिओत गेलो. कलाकारानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि दचकून मागे सरकला.

म्हणाला, “काका, अंगठा उडवतो, आणि चेहरा जरा हसरा करून देतो.”

“अंगठा उडव. चेहऱ्याला हात लावलास तर ही बाई रोज तुझ्या दुकानात येऊन बसेल.”

त्यानं लावला नाही. आता ती भिंतीवर आहे. हार आहे, आठी आहे. नवा माणूस घरात आला की आपोआप चपला नीट काढतो.

मास्तरांच्या गोष्टीतला म्हातारा खायच्या वेळी फोटो भिंतीकडे फिरवायचा. त्यांना घरी बायको असून ते कसं सुचलं कोण जाणे. मी फिरवत नाही. स्टुलावर चढायला लागतं, आणि पडून वर गेलो तर तिथं तिला काय सांगू, कशासाठी चढलो होतो? कधी काही गोड आलंच घरात, तर मी वाटी घेऊन गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो.

परवा शेजारणीनं शिरा दिला. मी बाहेर उभा राहून खात होतो. तिनं तिच्या दारातून बघितलं.

“काय हो भावजी, एवढी खोली असून बाहेर उभ्यानं खाताय?”

मी आतल्या बाजूला मान हलवली. तिनं वाकून माझ्या दाराच्या फटीतून आत बघितलं, पदर सावरला आणि हळू आवाजात म्हणाली, “मी दिला म्हणून सांगू नका हं तिला.”